दोन दरवाजे, एक सीट बाकी

मुकुंदवाडीतून सकाळी आठला निघालो आणि रेल्वे स्टेशनच्या वळणापर्यंत तीन वेळा माझं कपाळ स्टिअरिंगला लागता लागता राहिलं. चूक गाडीची नव्हती. माझ्या डाव्या पायाची होती.

ते सांगतोच. आधी गाडी सांगतो, कारण वेरूळ स्टँडवरची मंडळी त्या दिवसापासून मला एकच विचारतायत. म्हातारबा, ती वांग्याच्या रंगाची गाडी कुणाची? दोनच दरवाजे कसे? गिअर टाकायचा नाही म्हणता, मग घाटात काय करते? एकेकाला सांगून तोंड दुखलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तरी लिहितो. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं. शेवटपर्यंत वाचावं. शेवटी एक काम सांगितलंय.

गाडी रफिकची. रफिक म्हणजे माझी काळी-पिवळी (सीटवर भाडं घेणारी जीप) ज्यानं बावीस वर्षं जिवंत ठेवली तो मिस्त्री. जालना रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. ही गाडी त्यानं कुठूनशी मोडक्या अवस्थेत आणली, दोन वर्षं तिच्याखाली झोपला आणि उभी केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलंय. परदेशी आहे, जुनी आहे, फार मोठी नाही, फार लहान नाही.

"हे बघा उस्ताद," रफिक म्हणाला, "इसमें क्लच नहीं. डाव्या पायाला काहीच काम नाही. त्याला बाजूला बसवायचा, पाहुण्यासारखा."

"आणि गिअर?"

"वो खुद बदलते."

"कोण सांगतं त्यांना?"

"कोई नहीं. उनको समजता."

"मला चाळीस वर्षांत कधी कधी समजलं नाही."

"इसीलिए बोल रहा हूँ. तिच्याशी बहस करू नका."

क्लच नसलेली गाडी मला पटेना. इंजिन आणि चाकं यांच्यात सोयरीक जुळवणारा कुणीतरी लागतोच. तेव्हा त्यानं टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवले. एकाची पिन लावली, दुसऱ्याची नाही. पहिला फिरायला लागला आणि थोड्या वेळानं दुसराही आपसूक फिरला. "बस, यहीच है," रफिक म्हणाला. "हवा के बदले तेल." म्हणजे इंजिन तेल फिरवतं, तेल गिअरबॉक्स फिरवतं, मध्ये घासणारी प्लेट नाही. म्हणून ब्रेकवरचा पाय उचलला की काही न दाबता गाडी पुढं सरकायला लागते. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या रिक्षात जाल.

त्यानं नुकतंच गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं. घाटात गरम होते का, झटका देते का, ते त्याला बघायचं होतं. "दोन घाट चढवून-उतरवून आणा. तुमच्या कानावर भरोसा है," म्हणाला. मला वेरूळला जायचं होतं. माझा डावा गुडघा जीपच्या क्लचनं खाल्लाय, बसची पायरी चढवत नाही. असं दोघांचं जमलं.

आता मला वेरूळला का जायचं होतं ते.

माझी बायको सुमन गेल्या पौषात गेली. दुपारी दोन वाजता. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. नवऱ्यानं कितीही घेतलेलं असू दे, जाताना ती माहेरच्या कापडात जाते. सुमनला माहेर म्हणून एकच माणूस उरलेलं, थोरली बहीण शांताक्का. वेरूळच्या पुढं, रस्त्यापासून आत त्यांची वस्ती. फोन गेला. अक्का लुगडं घेऊन निघाल्या. आम्ही थांबलो. चार वाजले, साडेचार वाजले. मंडळी म्हणायला लागली, दिवस लहान आहे, अंधार पडतो, उरका. मी म्हणालो, उचला. खरं सांगतो, मला अंधाराची फिकीर नव्हती. तिच्याकडं बघवत नव्हतं. लवकर काहीतरी संपावं असं वाटत होतं, ते मी संपवलं.

अक्का आल्या तेव्हा जाळ लागून पाऊण तास झाला होता. काखेत पिशवी, पिशवीत लुगडं. जाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं, तुमच्या दारात मी ह्या जन्मात पाय ठेवायची नाय," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी घेऊन परत फिरल्या. पंचेचाळीस वर्षं मला 'दाजी' म्हणणारी बाई. त्या दिवशी मी परका पाव्हणा झालो.

त्या आठवड्यातल्या रविवारी सुमनला वर्ष होत होतं. सकाळी विहारात वंदना, मग घरी पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसासाठीचा कार्यक्रम). माझी मुलगी संगीता नाशिकला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मावशी आली नाही तर मीही यायची नाही. आई माहेरच्या कापडाविना गेली ती तुमच्यामुळं." यात खोटं काही नव्हतं. अक्का माझा फोन उचलत नाहीत. म्हणून स्वतः जायचं, बोलायचं आणि बाईला घेऊनच यायचं, असं ठरवून निघालो.

तर डावा पाय. ह्या गाडीत पायाखाली दोनच पायडल. ब्रेकचं पायडल चांगलं रुंद, पाटासारखं. सिग्नल दिसला की चाळीस वर्षांची खोड म्हणून डावा पाय क्लच मारायला जातो, आणि त्याला सापडतो ब्रेकचा पाट. क्लच आपण जमिनीपर्यंत मारतो. तेवढ्या जोरानं ब्रेक मारला की गाडी जागच्या जागी खिळते आणि माणूस पुढं जातो. क्रांती चौकात असाच खिळलो. मागचा रिक्षावाला शेजारी आला, गाडी वरपासून खालपर्यंत बघितली.

"चचा, किसकी उठाई?"

"तुझ्या सासऱ्याची."

"तभी चलाना नहीं आ रहा," म्हणाला आणि गेला.

नगर नाक्याला गाडी कडेला घेतली, डाव्या पायातली चप्पल काढून मागं टाकली. अनवाणी पायाला आपलं काम नाही हे लवकर समजतं. तिथून पुढं त्यानं त्रास दिला नाही.

छावणी मागं पडली, पडेगाव, मिटमिटा गेलं आणि रस्ता मोकळा झाला. जानेवारीची थंडी, उन्हाला अजून धार आलेली नव्हती. ह्या गाडीत बसणं म्हणजे सतरंजीवर बसणं. पाय लांब, पाठ मागं, रस्ता पार डोळ्याजवळ. जीपमध्ये मी ट्रकवाल्याच्या डोळ्यात बघायचो, इथं त्याच्या चाकाचे नट मोजले. इंजिन अडीच लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत, आणि जोर मागच्या चाकांना. सहा सिलिंडरचा आवाज येत नाही, सूर लागतो. आपल्या जीपचे चार सिलिंडर एकमेकांशी भांडत चालायचे. हे सहा जण एका पंगतीत जेवायला बसल्यासारखे.

शरणापूर फाट्याच्या पुढं एक ऊस भरलेला ट्रॅक्टर वाटेत लागला. समोर कुणी नव्हतं. रफिकनं शिकवल्याप्रमाणं उजवा पाय तळापर्यंत दाबला. आधी क्षणभर काहीच झालं नाही, जसं काही गाडी विचार करतेय. मग तिनं स्वतःहून दोन गिअर खाली टाकले, आवाज चढला आणि ट्रॅक्टर आरशात गेला. मी एकटाच हसलो. मग शेजारच्या सीटकडं बघितलं. माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर तीन भाडी बसायची. सुमन कधीही आली तरी मागं, पोत्यांच्या शेजारी. तिनं एकदाच म्हटलं होतं, पुढनं रस्ता कसा दिसतो ते बघायचंय. मी म्हणालो होतो, सीझन संपू दे. सीझन संपायचा आणि दुसरा लागायचा. असो.

दौलताबादला किल्ल्याखाली चहाला थांबलो. पेरूचे ढीग लागलेले. चहा घेऊन परत आलो तर गाडी अडून बसलेली. मी चहाला उतरताना गाडी बंद केली होती पण किल्ली आतच राहिली होती, आणि आता ती ना फिरते ना निघते. इंजिनही चालू होईना. पाचेक मिनिटांत सहलीच्या बसमधली माणसं गोळा झाली.

"धक्का देऊ का बाबा?" एक जण बाह्या सरसावत म्हणाला.

"धक्क्यानं ही चालू होत नसती. मध्ये तेल आहे."

"तेल नसेल तर आणू का?"

"तेल आहे म्हणतोय."

"मग चालू का होत नाय?"

तेवढ्यात पेरूवाली बाई टोपली सोडून आली, खिडकीतून आत वाकली. "आजोबा, ते दांडकं कुठं ठेवलंय बघा. डी वर हाय. पी वर घ्या की. आमच्या भाच्याची अशीच हाय."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जीपचा हँडब्रेक नावालाच असतो. म्हणून आपण सगळे गाडी गिअरमध्ये बंद करतो आणि चाकामागं दगड लावतो. मीही हात-ब्रेक ओढला होता, गाडी डी मध्ये तशीच बंद केली होती, आणि खरं सांगायचं तर मागच्या चाकाला दगडही लावला होता. ह्या गाडीत पी म्हणजे उभं राहायचं, आर मागं, एन मोकळी, डी पुढं. पी वर दांडा नेल्याशिवाय किल्ली सोडत नाही, आणि डी मध्ये असताना इंजिन चालू होत नाही. दांडा पी वर नेला, किल्ली फिरवली, सहाही जण पंगतीला बसले. बाईकडून पेरू घेतले. ती म्हणाली, "दगड काढायचा इसरू नका." तोही मी विसरलोच होतो; काढून डिकीत टाकला.

किल्ल्याच्या कोटाच्या दरवाज्यातून रस्ता जातो तिथं दोन्ही बाजूंनी गाड्या अडून बसतात, हे तुम्हाला नवीन नाही. पण ब्रेक थोडा सोडायचा, गाडी बोटभर सरकते, पुन्हा धरायचा. गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. जीपमध्ये त्या दरवाज्यात माझा अर्धा जीव जायचा. घाट चढताना गिअरबॉक्सनं एकदाही झटका दिला नाही. खुलताबाद ओलांडून वेरूळचा उतार लागला तेव्हा दांडा डी वरून खाली दोनवर ओढला, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाही. हे आपल्याला माहीत आहे, आपण दुसऱ्या गिअरवरच उतरतो. गाडी कितीही शहाणी असली तरी उतार आहे हे तिला आपण सांगावं लागतं. पोट मात्र फार खाली आहे. लेण्यांच्या वळणाशी गतिरोधकावर घासलंच. तिरकी घ्यायची, एकेक चाक.

स्टँडवरून गेलो तेव्हा तुम्ही हात केलेत, शिट्ट्या मारल्यात, मी थांबलो नाही. नंतर कळलं, म्हातारा माजला असं कुणीतरी म्हणालं. माज नव्हता. थांबलो असतो तर तिथूनच परत फिरलो असतो.

वस्तीची गल्ली अरुंद. ह्या गाडीचे दरवाजे दोन असल्यामुळं भलते लांब आहेत, पुरे उघडायला बैल उभा राहील एवढी जागा लागते. गल्लीत घातली आणि दार दोन वितीपलीकडं उघडेना. मी सापडलेल्या उंदरासारखा आत. मग दांडा आर वर, मान मागं, आणि इंच इंच करत बाहेर. विहिरीजवळ चिंचेखाली लावली. चालत गेलो.

अक्का अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पंचाहत्तरी पार केलेली बाई, पाठीचा कणा अजून सरळ.

"जय भीम, अक्का."

"जय भीम." मान वर केली नाही. "कोण पाव्हणं?"

"मीच."

"दिसतंय. कशानं आलात?"

"गाडीनं. चिंचेखाली लावलीय."

अक्का उठल्या, कुडाच्या कडेनं डोकावून बघितलं. "दोनच दरवाजे? बाकीचे दोन कुठं पडले?"

"पहिल्यापासून दोनच."

"मग मागच्यानं उतरायचं कसं?"

"पुढचा उतरला की सीट वाकवायची, मग मागचा."

"तुमच्यासारखीच हाय. आधी आपलं, मग बाकीच्यांचं."

रविवारी सुमनचं वर्ष आहे, न्यायला आलोय, असं सांगितलं. अक्कांनी सुपातल्या शेंगा खालीवर केल्या. पाणी विचारलं नाही. आमच्याकडं वैऱ्यालाही आधी पाणी देतात.

"मला येळ लागंल," म्हणाल्या. "तिकडं गाडीपाशी थांबा."

येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत. मी चिंचेखाली येऊन थांबलो. अकरा वाजले असतील.

थांबल्या थांबल्या गाडी नीट बघून घेतली, तेवढी लिहितो. दरवाज्याच्या काचेला वरून चौकट नाही, नुसती काच. कडी ओढली की काच आपोआप बोटभर खाली येते आणि दार लावलं की वर जाऊन रबरात बसते. मागं दोन जणांची जागा म्हणतात, पण माणसं पाय घरी ठेवून आली तर. डिकी मात्र ऐसपैस, चार पोती बसतील. चाकं रुंद, रबर पातळ, खड्डा थेट मणक्याला कळतो. बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलाची काडी ओढून हुंगली. तेल लाल असतं, करपलं तर काळं पडतं आणि जळका वास मारतं. हे लालच होतं. पेट्रोल पिण्यात मात्र लाज बाळगत नाही.

पाण्याला आलेल्या दोघी बाया थांबल्या. "आजोबा, ह्यात नवरी नेत्यात का?"

"तू बसतीस का?"

"आमचा नवरा मागं मावायचा नाय," म्हणाली आणि दोघी हसत गेल्या.

बारा वाजले. अक्का दोनदा बाहेर आल्या, एकदा शेळीला पाला टाकला, एकदा धुणं वाळत घातलं. माझ्याकडं बघितलं नाही. सावली गाडीवरून सरकली, मी सावलीबरोबर सरकलो. एक वाजला. दोन पेरू खाल्ले. एरवी मी कुणाची पाव घंटा वाट बघणारा माणूस नाही. पण निघून जावं असं मनात आलं नाही. गेलो असतो तर पुन्हा यायला तोंड नव्हतं.

दीड-दोनच्या सुमाराला अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच खणखणीत आवाजात विचारलं, "पाव्हणं, किती सीट झाल्या?"

"एकच बाकी हाय, अक्का."

"मग थांबा अजून."

आत गेल्या. सीटचं त्यांनी का काढलं ते मला तेव्हा कळेना. थट्टा म्हणावी तर तोंडावर हसू नव्हतं.

आणखी अर्ध्या तासानं त्या चालत गाडीपाशी आल्या. चिंचेच्या मुळावर बसल्या. मला बसा म्हणाल्या.

"त्या दिवशी फोन आल्या आल्या मी निघाले," अक्का म्हणाल्या. "अडीचला वेरूळच्या स्टँडवर. जीपमधी पहिली सीट माझी. लुगडं मांडीवर. माणसं येईनात. तीन वाजले. आठ सीट झाल्या, नऊ झाल्या. मी डायव्हरला म्हनले, बाबा, माझी बहीण गेलीय, हाल आता. तो म्हनला, मावशी, अकरा झाल्याशिवाय हालता येत नाय, नियम हाय. मी म्हनले, दोन सीटचं मी देते. तर म्हनला, एका माणसाकडनं दोन सीट घ्यायच्या नाय, तोबी नियम हाय. मी म्हनले, कुणाचा रं नियम? तर त्यानं तुमचं नाव घेतलं, पाव्हणं."

तुम्हाला माहीत आहे. दोन्ही नियम माझे. आधी स्टँडवर सीट पळवण्यावरून रोज डोकी फुटायची. मी पुढं झालो, सगळ्यांना बसवलं, अकरा भरल्याशिवाय गाडी हलणार नाही असं ठरवलं आणि गरजू माणसाकडून ज्यादा घ्यायचं नाही हेही. गाडी चालवत होतो तोवर मी ते पाळले. कुणाचा बाप आला तरी अकराव्या सीटसाठी थांबलो. आणि घरी, एका माणसासाठी, थांबलो नाही.



"तुम्ही कधी बोलला नाही हे," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलं, की अक्का, उशीर का झाला?"

विचारलं नव्हतं. वर्षभरात एकदाही नाही.

"चुकलो, अक्का."

"कशात?"

"नियमात असल्या माणसाला वाट ठेवली नाही, त्यात. आणि तिकडं थांबलो नाही, त्यात. पहिलं मला आज कळलं. दुसरं मला जाळ लागला तेव्हाच कळलं होतं."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, उन्हाचं पुसल्यासारखं. बराच वेळ चिंचेची एक वाळकी शेंग फोडत बसल्या. मग म्हणाल्या, "सकाळधरनं काय खाल्लं?"

"पेरू."

"पेरूवर माणूस जगतं व्हय? उठा, हात धुवा."

बाजरीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, लोखंडी तव्यात रगडलेला ठेचा. पाणी आधी दिलं, तांब्या भरून. मी तीन भाकरी खाल्ल्या. सुमनच्या हाताची आमटी अशीच होती. शिकल्या दोघी एकाच चुलीवर. अक्कांनी न विचारता आणखी एक पळी वाढली.

निघायला चार वाजले. अक्कांच्या काखेत तीच पिशवी.

"मी मागं बसंन," म्हणाल्या.

मी डावीकडचं दार उघडलं, खटका ओढून सीट पुढं वाकवली आणि मागची जागा दाखवली. अक्कांनी वाकून बघितलं.

"ह्यात आमची शेळी जायची नाय."

"म्हणून म्हणतोय, पुढं बसा."

"बसवा मग. पण धरा मला, लई खाली हाय."

बसल्या. पट्टा लावला तर म्हणाल्या, "बांधता कशाला? मी काय पळून चालले?" गाडी सुरू झाली, ब्रेकवरचा पाय उचलला, ती सरकली. अक्का माझ्या पायांकडं बघत होत्या. "काय दाबलं नाय तरी निघाली?" मी पंख्यांची गोष्ट सांगितली. त्यांना लगेच पटली, मला पटायला दोन पंखे लागले होते.

स्टँडवर ह्या वेळी थांबलो. तुम्ही गाडीला वेढा घातलात, काचा वरखाली करून बघितल्यात. त्यात अक्का खिडकीतून एकेका तोंडाकडं बघत होत्या. त्या दिवशीचा ड्रायव्हर शोधत असाव्यात. तो असेल तर त्यानं घाबरू नये. "त्याची चूक नव्हती," असं त्या मला पुढं घाटात म्हणाल्या. "त्यानं तुमचंच ऐकलं."

खुलताबादच्या सपाटीवर अक्कांना डोक्यावरचा पदर सावरायचा होता. वारा होता. "जरा धरा," म्हणाल्या आणि पिशवी माझ्याकडं दिली. जीपमध्ये डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर, त्याला कधी सवड नाही. ह्या गाडीत तो मोकळा. मी पिशवी मांडीवर धरली. पदर सावरून झाला तरी अक्कांनी ती परत मागितली नाही. घाट लागायच्या आधी मी गाडी उभी केली, पी वर घेतली, आणि दोन्ही हातांनी ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

"पुढनं रस्ता लई चांगला दिसतो," अक्का म्हणाल्या.

मी हूं म्हणालो.

मुकुंदवाडीत घरासमोर गाडी लावली, दार पुरं उघडलं. अक्का बसून राहिल्या. पिशवी उराशी, नजर माझ्या उंबऱ्यावर. ह्या जन्मात नाही असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या बोललेलं पाळणाऱ्या बाई आहेत. शेजारीपाजारी दारात आले. मी लांबलचक दार धरून उभा राहिलो. कुणीतरी म्हणालं, बाबा, आत घ्या की त्यांना. मी म्हणालो, त्यांना घाई नाही आणि मलाही नाही.

किती वेळ गेला मोजलं नाही.

"थांबलात?" अक्का म्हणाल्या.

"थांबलोय."

"मग हात द्या, दाजी."

रविवारी संगीता आली. पांढरं, निळ्या काठाचं लुगडं अक्कांनी घडी मोडून सुमनच्या फोटोवर घातलं आणि चारी बाजूंनी खोचलं, थंडीत पोराला पांघरूण घालतात तसं. एक वर्ष उशिरा, पण अंगावर माहेरचं पडलं. संध्याकाळी ते काढून अक्कांनी संगीताच्या हातात दिलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

रफिकला गाडी परत दिली. घाटात तापली नाही, झटका नाही, वास नाही, तेल लाल आहे, पोट दोन ठिकाणी घासलं, असं सगळं सांगितलं. "और आपका?" त्यानं विचारलं. माझंही पोट घासलं, म्हणालो, पण पोचलो. चाकाला लावायचा दगड डिकीतच राहिला होता, तो त्यानं मला आठवण म्हणून दिला. दारापाशी ठेवलाय.

आता ते काम. स्टँडवरच्या पत्र्याच्या पाटीवर आपले दोन नियम लिहिलेत, ते राहू द्या. त्यांच्याखाली एक ओळ जागा आहे. रंग मी आणतो, लिहील कुणीतरी चांगल्या अक्षराचा. मौतीला निघालेलं माणूस गाडीत बसलं, तर ती एक सीट अकरा धरायची आणि गाडी हलवायची.